एकही फुली नसलेली भिंत

माझी बायको भिंतींना टाइल्स लावते. हे मी पंचवीस वर्षं लोकांना सांगतोय आणि पंचवीस वर्षं लोक मला विचारतायत, म्हणजे तिचा नवरा लावतो का? तिचा नवरा मी. मी शिंपी आहे. मला भिंतीत साधा खिळा ठोकता येत नाही, ठोकला तर गिलावा पडतो आणि वर घरातली बोलणी खावी लागतात. थापी तिची, ओळंबा तिचा, छिन्नी-हातोडा तिचा. गुडघ्यांना बांधायच्या जाड पट्ट्या तेवढ्या मी शिवून दिलेल्या. कुणाला पटत नसेल तर नको पटू दे, आमचं काही अडलेलं नाही.

तिला सगळे फुली म्हणतात. हे माहेरचं नाव आणि ते कामावरून पडलेलं. माझे सासरे टाइल्सचे मोठे कारागीर. त्यांची एक पद्धत होती. भिंत लावून झाली की दुसऱ्या दिवशी एकेक टाइल थापीच्या लाकडी मुठीनं वाजवून बघायची. मागे सिमेंटचा माल नीट भरला असेल तर आवाज येतो टक्. पोकळी राहिली असेल तर ढप्. पण ज्यानं लावली त्यानं वाजवायची नाही, हा त्यांचा नियम. का, तर लावणाऱ्याला स्वतःचं सगळं भरीवच ऐकू येतं. म्हणून ते आपल्या मुलीला बरोबर न्यायचे. ती वाजवायची, ढप् आली की खडूनं त्या टाइलवर फुली मारायची, आणि सासरे एका शब्दानं न विचारता ती टाइल उपसून परत लावायचे. मालक बघत उभा असला तरी उपसायचे. त्यावरून ही फुली झाली.

पण थापी तिला कधी दिली नाही. थापी दादाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. "त्याचं काम हाताचं, तुझं काम कानाचं," असं सासरे म्हणायचे. तिनं सगळं बघून बघून उचललं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी दुकान बंद करून घरी आलो, तर आमच्या स्वयंपाकघराची अख्खी भिंत उतरवलेली आणि ही राडारोड्यात बसून शांतपणे टाइल्स भिजवत होती.

"मला विचारायचं तरी," मी म्हणालो.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

हे खरंच होतं, त्यामुळे मी जेवायला काय आहे ते विचारलं. ती भिंत अजून आहे. ज्याला बघायची असेल त्यानं येऊन वाजवून बघावी.

तिथून तिचं काम सुरू झालं. सुरुवातीला लोक दार उघडून तिच्या मागे बघायचे, मिस्त्री कुठे आहे म्हणून. "मिस्त्री आलाय, बाजूला व्हा," असं म्हणून ही पिशवी घेऊन आत. आणि एक गोष्ट ती पहिल्या दिवशीच सांगून टाकायची, चपला काढायच्याही आधी. जुन्या टाइल्सवर नवी टाइल लावणार नाही. आधी जुनी उतरवणार, मग गिलावा, मग नवी. धूळ होईल, आवाज होईल, पंधरा दिवस त्रास होईल. जमत असेल तर बोला.

आता तुम्ही म्हणाल, जुनीवर नवी लावतात की. लावतात. टाइल चिकटवायचं चांगलं केमिकल मिळतं, जुनी भिंत घट्ट असेल तर वरून लावलेलीही टिकते. हे मी नाही, तिच्या सख्ख्या भावानंच मला दहा वेळा समजावलंय. तो स्वतः तसंच करतो. आमच्या रस्त्याच्या टोकाला बेकरी आहे. त्या बेकरीवाल्याला हिनं नाही म्हणून सांगितलं, तर त्यानं दुसऱ्याकडून वरच्यावर लावून घेतली. नऊ वर्षं झाली, भिंत ठणठणीत आहे. मी एकदा मुद्दाम हिला डिवचलं, "तुझी बेकरी पडली नाही अजून." पाव पिशवीत टाकत म्हणाली, "नसेल पडली. मी नाही लावली." अशा बाईशी कोण वाद घालणार. झिजलेल्या कापडावर ठिगळ लावलं तर टाका धरत नाही हे मला कळतं, पण धड कापड कुणी फाडतं का? मी एकदा सरळ विचारलं होतं, एवढा हट्ट कशासाठी? ती म्हणाली, "आतलं दिसत नाही ना." आणि विषय बदलला. कारागिराचा ताठा असेल, म्हणून मी नाद सोडला.

या वर्षी दादाचा फोन आला. सासरे जाऊन सहा वर्षं झालीत. सासूबाई दादाकडे असतात, सासऱ्यांनी स्वतः बांधलेल्या घरात. बाथरूमच्या टाइल्सचे सांधे काळे पडले होते, म्हणून वहिनींनी नव्या टाइल्स आणवल्या होत्या. मोठ्या, चांगल्या जाड. दादा म्हणाला, "आईला दोन दिवस तुमच्याकडे ठेव. दोन दिवसांत चढवून टाकतो."

"कशावर चढवतोस?" हिनं विचारलं.

"कशावर म्हणजे? बाबांच्या भिंतीवर."

हिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "चला." मी एका गिऱ्हाइकाच्या पँटची शिवण उसवत होतो. ती तशीच टाकून उठलो, कारण तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. रागावलेला चेहरा मला पाठ आहे. हा घाबरलेला होता.

तिथे पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. दादानं केमिकलची गोणी फोडली होती. बाथरूममध्ये एक लाकडी स्टूल होतं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, खाली बसवत नाही. त्या स्टुलावर बसतात, पाठ भिंतीला टेकतात, डोकं टेकतात आणि निवांत आंघोळ करतात. रोज त्याच भिंतीला. हिनं कुणाशी न बोलता पिशवीतून थापी काढली, उलटी धरली आणि भिंत वाजवायला सुरुवात केली.

टक्. टक्. टक्. खालच्या ओळी सगळ्या टक्. मग स्टुलावर बसल्यावर डोकं टेकतं त्या उंचीला आली आणि ढप्. माझ्या कानालासुद्धा कळलं. तिनं फुली मारली. अशा अकरा फुल्या झाल्या, सगळ्या वरच्या ओळींत.

"फुले, पुरे आता," दादा म्हणाला.

"ही भिंत उतरवायची."

"अगं, आईला धुळीचा त्रास होतो. दोन दिवसांच्या कामाला तू पंधरा दिवस लावणार?"

"वीस लावीन. तिचं डोकं इथे टेकतं, दादा. आधीच पोकळ असलेल्यांवर तू एवढ्या जड टाइल्स टांगणार. सुटल्या तर दोन्ही थर मिळून येतील, तिच्या डोक्यात."

दादा काही वाईट माणूस नाही, पण त्याच्या कामाला कुणी नावं ठेवली की त्याच्या अंगाचा तिळपापड होतो. त्यातून बहिणीनं, आईसमोर. तो फुल्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "ही भिंत लावली तेव्हा वाजवली कुणी होती? तूच ना? एक तरी फुली मारलीस का?"

हे मला माहीत होतं. सगळ्या नात्यागोत्याला माहीत होतं. 'माझ्या घरच्या भिंतीला एकही फुली नाही,' हे सासरे आल्यागेल्याला सांगायचे. मी जावई म्हणून पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा चहाच्या आधी मला बाथरूम दाखवलं होतं. माणसं दिवाणखाना दाखवतात, यांनी बाथरूम दाखवलं.

"तीस वर्षं झाली," मी मध्ये तोंड घातलं. "पाणी मुरलं असेल."

"पाणी मुरलं असतं तर खालच्या सुटल्या असत्या, दाजी," दादा म्हणाला. "वर पाणी पोचतच नाही. तिथेच बऱ्या हिला अकरा सापडल्या. हिला फोडायचीच आहे भिंत, म्हणून मनाला येईल तिथे फुल्या मारतेय. बाबांच्या कामावर."

सासूबाई दारात उभ्या होत्या, चौकटीला धरून. त्या म्हणाल्या, "फुले, त्यांची भिंत आहे ती. राहू दे आत. वरून नवी दिसली तरी मला माहीत असेल, आत त्यांची आहे."

मला वाटलं, संपलं. ही थापी पिशवीत टाकेल आणि आपण घरी जाऊ. दादाही जरा नरमला. "बरं, तुझ्या समाधानासाठी त्या अकरा काढतो, भरून घेतो, बाकीवर चढवतो. झालं?"

मी असतो तर हो म्हणालो असतो. तीही म्हणाली असती तर बिघडलं नसतं, सगळ्यांचा मान राहिला असता.

"नाही झालं," ती म्हणाली. "त्यातल्या सात पहिल्या दिवसापासून पोकळ आहेत."

कुणाला काही कळलं नाही. मग तिनं सांगितलं. थापी हातात तशीच उलटी धरलेली, आणि आवाज अगदी साधा, मापं सांगावीत तसा.

"मी पंधरा वर्षांची होते. त्या दिवशी सकाळी मी बाबांकडे थापी मागितली. एक ओळ लावू द्या म्हटलं, घरचीच तर भिंत आहे. ते हसले. म्हणाले, थापी दादाची, खडू तुझा. दादा, तू पण हसलास. मी गप्प बसले आणि भिंत वाजवली. सात ढप् वाजल्या. मी म्हणाले, बाबा, एकही फुली नाही. मनात म्हटलं, राहू दे तुमची भिंत पोकळ. संध्याकाळपर्यंत राग गेला की सांगणार होते. पण ते शेजारच्यांना बोलावून भिंत दाखवायला लागले. माझ्या डोक्यावर हात ठेवला सगळ्यांसमोर. मग सांगता नाही आलं."

दादा केमिकलच्या गोणीवर बसला. मी पंचवीस वर्षं या बाईबरोबर संसार केला आणि मला ताकास तूर लागू दिली नव्हती तिनं. प्रत्येक घरात जाऊन आधी उतरवणार, मग लावणार, हे जे मी ताठा समजत होतो ते हे होतं. दुसऱ्यानं सांगितलेल्या भरीववर तिला विश्वास ठेवता येत नव्हता, कारण एकदा तो दुसरा ती स्वतःच होती. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

सासूबाई म्हणाल्या, "ते हॉस्पिटलात होते तेव्हाही नर्सला तेच सांगत होते. एकही फुली नाही म्हणून."

"हो. मी तिथेच उभी होते."

"आणि बोलली नाहीस."

"नाही बोलले. आता बोलतेय." तिचा आवाज आता चढला. "तुला वाईट वाटू दे, आई. मला घरात घेऊ नकोस. पण जी भिंत मी एकदा खोटी वाजवली तिच्यावर मी माझ्या कानांचाही भरवसा धरणार नाही. अकरा नाही, सगळी उतरवायची. तुझं डोकं मी तिथे टेकू देणार नाही."

सासूबाई आत आल्या. त्यांनी ते स्टूल उचललं, म्हणजे उचलवलं नाही, ओढत बाहेर नेलं. मी धरायला गेलो तर हात झटकला. बाहेर भिंतीशी स्टूल ठेवून आमच्याकडे पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, "फोडा."

त्या सात टाइल्स छिन्नी नुसती टेकवल्यावर हातात आल्या. मागे बघितलं तर मधोमध मुठीएवढा माल आणि चारही कोपरे कोरडे. वरच्या ओळींपर्यंत येता येता सासऱ्यांचा हात दमला असेल, दुसरं काय. कारागीरही माणूसच असतो. पुढच्या चार थोड्या जोरानं निघाल्या. मग उरलेल्या. त्यांनी मात्र दादाला आणि हिला रडकुंडीला आणलं. अडीच दिवस दोघं ठोकत होती. दोन छिन्न्या बोथट झाल्या. एकेक टाइल तुकड्यातुकड्यानं निघत होती, अख्खी एकही नाही. दुसऱ्या दिवशी दादानं घाम पुसत हातोडा खाली ठेवला.

"कसला लावायचा गं म्हातारा," तो म्हणाला.

"तू बघतोयस ना," ही म्हणाली, आणि दोघं धुळीत बसून हसायला लागली. मी दारात चहा घेऊन उभा, मला आत घेतलं नव्हतंच.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या आमच्याकडे राहायला यायला तयार नव्हत्या, शेजारी आंघोळीला जात होत्या, आणि लेकीशी एक अक्षर बोलत नव्हत्या. जे काय असेल ते माझ्यामार्फत. "जावईबापू, तिला सांगा जेवून घे." तिला, हिला, त्या बाईला. फुली हे नाव त्यांच्या तोंडून गेलंच होतं. ही सगळं ऐकायची आणि मान खाली घालून काम करायची. घरी आल्यावर मी म्हणायचो, अगं, माफी माग, म्हातारं माणूस आहे. ती म्हणायची, "सांगितलं त्याची माफी मागू? त्याची नाही मागणार. नाही सांगितलं त्याची रोज मागतेय."

नवा गिलावा झाला, त्याला आठवडाभर पाणी मारलं, तो सुकू दिला. मग टाइल्स लावायचा दिवस आला. दादानं खालच्या ओळी लावल्या. अर्ध्यावर आला तसा थांबला, बाहेर गेला आणि खिळ्याला टांगलेली सासऱ्यांची थापी घेऊन आला. मूठ झिजून काळी पडलेली. "वरच्या ओळी तू लाव," असं म्हणून तिच्या हातात दिली. मग लगेच म्हणाला, "काम झालं की धुऊन परत दे." हिनं हो म्हटलं. आणि पहिली टाइल उचलली.

दुसऱ्या दिवशी भिंत वाजवायची वेळ आली. लावणाऱ्यानं वाजवायची नाही, मग वाजवायची कुणी? मी म्हटलं, मी वाजवतो. बहीणभाऊ दोघं माझ्याकडे असं बघायला लागली की मी गप्प झालो. तेवढ्यात सासूबाई आत आल्या आणि हात पुढे केला. "खडू आणा."

त्यांना ऐकायला कमी येतं. टीव्ही लावला तर शेजाऱ्यांना बातम्या कळतात. पण कुणाची हिंमत होती नको म्हणायची? त्यांनी सासऱ्यांची थापी उलटी धरली आणि खालपासून एकेक टाइल वाजवत निघाल्या. अर्धा तास लागला. सगळ्या टक् वाजत होत्या. वरून तिसऱ्या ओळीपाशी त्या थांबल्या, एक टाइल दोनदा वाजवली आणि तिच्यावर खडूनं मोठी फुली मारली.

हिच्या हातची टाइल होती ती.

"पोकळ आहे," सासूबाई म्हणाल्या. अठरा दिवसांत लेकीकडे बघून बोललेला हा पहिला शब्द. "काढ."

हिनं पुढे होऊन बोटाच्या पेरानं ती वाजवली. टक्. दादानं वाजवली. टक्. मीही वाजवली, कुणी विचारलं नव्हतं तरी. टक्, चारही कोपऱ्यांत.

दादानं मला डोळ्यांनी खुणावलं आणि मी हिच्या कानाशी लागलो. "एकच तर आहे. काढून परत लाव. त्यांच्या मनाचं समाधान होईल आणि हे एकदाचं मिटेल." खरंच सांगतो, मला तेच शहाणपणाचं वाटत होतं. एवढं सगळं झाल्यावर एक टाइल म्हणजे काय.

हिनं माझा हात बाजूला केला. "भरीव आहे, आई. मी काढणार नाही."

"मी सांगतेय तरी?"

"तरी."

"तुझे बाबा एका शब्दानं काढायचे."

"पोकळ असली तर काढायचे. ही पोकळ नाही. तू रागानं दहा फुल्या मार, अख्खी भिंत रंगव, मला घरातून जा म्हण. मी हिला पोकळ म्हणणार नाही. एकदा कुणाच्या तरी मनासाठी भिंतीबद्दल खोटं सांगितलंय, परत नाही सांगणार. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. मायलेकी एकमेकींकडे बघत उभ्या होत्या, आणि आम्ही दोघे पुरुष फरशीकडे बघत होतो.

मग सासूबाईंनी तळहात वर नेला आणि ती फुली पुसली. नीट पुसली, खडूचा कणही ठेवला नाही. थापी तिच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, माझं स्टूल आणा."

मी पळत जाऊन आणलं. त्यांनी ते पूर्वीच्या जागी ठेवायला लावलं, बसल्या, पाठ टेकली. थोड्या वेळानं डोकंही टेकलं, बरोबर त्याच ओळींवर, आणि डोळे मिटले.

"फुले," त्या म्हणाल्या, "सांधे भरून घे. परवा मी इथेच आंघोळ करणार आहे."